झुंबरबाईंची जीभ

नाशिकच्या पंचवटीत झुंबरबाई म्हटलं की लोकांना मांडे आठवतात. मांडे म्हणजे खापरावरच्या पुरणपोळ्या. त्यांना पोळपाट-लाटणं लागत नाही. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मोठा करायचा, कोपरापर्यंत लोंबू लागला की पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. खाली चुलीचा जाळ, वर मांडा आणि भोवती तोंडाचा आ वासून उभी राहिलेली वऱ्हाडी मंडळी. नवरा-नवरीला मांडवात एकटं सोडून माणसं चुलीभोवती जमली की झुंबरबाई दटावायच्या, "आधी अक्षता टाका जा. मांडे कुठं पळून चाललेत?"

मांडा हातावर होतो हे खरं, पण जमतो पुरणावर, आणि पुरणाचा निकाल जिभेवर लागतो. त्या बाबतीत घरात एक कायदा होता. झुंबरबाईंच्या सासूबाईंनी तो घालून दिला होता. पुरण एकीनेच चाखायचं. चौघींनी बोटं घातली की चार मतं होतात आणि पुरण कुणाचंच राहत नाही, असं त्या म्हणायच्या. सासूबाई होत्या तोवर चाखण्याचा मान त्यांचा. त्या गेल्या आणि तो मान तिजोरीच्या किल्लीसारखा झुंबरबाईंकडे आला. सून योगिनी डाळ शिजवायची, कणीक तिंबायची, जाळ सांभाळायची, खापर पुसायची. घरात येऊन तिला बरीच वर्षं झाली होती, पण चुलीवरच्या पुरणाला तिने अजून बोट लावलं नव्हतं.

चाखायची रीतही ठरलेली. गूळ विरघळून पुरण आळत आलं की उलथन्यावरून लिंबाएवढा गोळा घ्यायचा, त्यावर फुंकर मारायची, डोळे मिटायचे आणि गोळा जिभेवर ठेवायचा. आजूबाजूच्या सगळ्यांनी गप्प राहायचं. मग झुंबरबाई "हां" म्हणाल्या तर पुरण उतरायचं, "गूळ" म्हणाल्या तर आणखी गूळ पडायचा. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जो रुबाब असायचा, तो एखाद्या न्यायाधीशालाही साधला नसता.

आता इतकी वर्षं असा न्याय करायचा म्हणजे अंगाला लागणारच. झुंबरबाईंचा देह त्यांच्या धंद्याची जाहिरात होता. लुगडं नेसताना निऱ्यांना कापड पुरत नसे आणि जिना चढताना त्या मध्येच थांबून भिंतीशी दोन शब्द बोलत. याला त्या वय म्हणायच्या. पण एके दिवशी मांडा हातावर झुलवताना त्यांना त्यावर काळा धागा दिसला. तो काढायला गेल्या तर धागा मांड्यावर नव्हताच. तो त्यांच्या डोळ्यात होता.

मुलगा शेखर टेम्पो चालवतो. खापरं आणि भांडी त्याच टेम्पोतून लग्नघरी जातात. त्याने त्याच टेम्पोत आईला घातलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथून रक्त तपासायला आणि मग एका आयुर्वेद कॉलेजच्या दवाखान्यात डॉक्टर आफियांकडे. या डॉक्टरबाई वयाने योगिनीएवढ्याच होत्या. बोलायला मऊ, पण बोलत स्पष्ट.

"मावशी, कमरेचा घेर, रक्तातली साखर, ब्लडप्रेशर आणि रक्तातली चरबी, या चौघी एकत्र नांदायला लागल्या की आम्ही त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतो. तुमच्याकडे चौघी आल्यात."

"चार जावा एका चुलीवर," झुंबरबाई म्हणाल्या.

"अगदी तसंच. एकीने आग लावायची, दुसरीने वारा घालायचा." डॉक्टरबाई हसल्या आणि मग हसायच्या थांबल्या. "तुमच्या डोळ्याच्या पडद्यावर बारीक ठिपके आलेत. साखर अशीच चढी राहिली तर नजर जाईल. गोड बंद करावं लागेल."

"गोड मी खातच नाय, डॉक्टरबाई."

"अजिबात?"

"अजिबात नाय. नुसतं चाखते."

डॉक्टरबाईंनी हातानेच विचारलं, केवढं? झुंबरबाईंनी तीन बोटं जुळवून लिंबाएवढा गोळा दाखवला. असे गोळे लग्नसराईत दिवसभरात किती होतात, हे विचारल्यावर मात्र त्या छताकडे बघू लागल्या. डॉक्टरबाईंनी मनातल्या मनात बेरीज केली असावी, कारण त्या एवढंच म्हणाल्या, "मावशी, तुम्ही रोज पंगतीएवढं जेवून उठता, फक्त पानावर बसत नाही."

घरी येताना झुंबरबाई टेम्पोत एकच हिशेब मांडत होत्या. चाखायचं सोडलं तर मांडे गेले, चाखत राहिलं तर डोळे गेले. आणि डोळे गेले की मांडे गेलेच. विस्तवाशी खेळ आहे तो, आंधळीचं तिथे काय काम? त्यांना रडू आलं, पण शेखर शेजारी होता म्हणून त्यांनी ते पदराआड शिंकून काढलं.

डॉक्टरबाईंनी आणखी एक गोष्ट सुचवली होती. कॉलेजात एका पाल्याच्या अर्कावर अभ्यास चालला होता. नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या आणि सोबत सकाळी जेवणाआधी एक कॅप्सूल पाण्याबरोबर गिळायची. निम्म्या लोकांच्या बाटलीत अर्क, निम्म्यांच्या बाटलीत नुसतं पीठ. कुणाला काय मिळालंय हे अभ्यास संपेपर्यंत उघड होणार नव्हतं, खुद्द डॉक्टरबाईंनासुद्धा नाही. आपण काय देतोय हे माहीत नसलेली डॉक्टरीण झुंबरबाईंनी प्रथमच पाहिली. पण ती हे तोंडावर सांगत होती, याचंच त्यांना कौतुक वाटलं. संमतीच्या कागदावर त्यांनी अंगठा न लावता चांगली सही केली.

आणि पहिल्याच सकाळी घोळ घातला.

झुंबरबाईंचं माहेर चांदवडकडचं. तिथे त्यांच्या आईने त्यांना आयुष्यात एकदाही औषध गिळायला दिलं नव्हतं. ताप असो, खोकला असो, पोटदुखी असो, सगळं उगाळून, मधात खलून, चाटण म्हणून. औषध जिभेला लागलं की अंगाला कळतं, ही त्यांची पक्की समजूत. ही कॅप्सूल तर चोरासारखी जिभेला चुकवून पोटात जाणार. असल्या औषधाचा काय गुण यायचा? गोळ्यांचं ठीक होतं, त्या फोडताच येत नव्हत्या. कॅप्सूल मात्र झुंबरबाईंनी दोन्ही टोकांना धरून उघडली, हिरवट भुकटी तळहातावर घेतली आणि निवांत चाटली. कडू होती. त्यांना बरं वाटलं. कडू आहे म्हणजे खरं आहे.

त्यावर चहा घेतला तर चहात साखर नव्हती.

"योगिनी, साखर इसरली का गं?"

"टाकलीये की, आत्या, तुमच्याच हट्टापायी." सासूला ती आत्याच म्हणते.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. झुंबरबाईंनी ओळखलं की सुनेने डॉक्टरबाईंशी संधान बांधलंय. सून पाठमोरी झाली की डब्यातली चमचाभर साखर त्या गुपचूप कपात ढकलायच्या. तरीही चहा फिकाच. मग त्यांनी साखरेवर संशय घेतला, नंतर दुधावर, शेवटी किराणा दुकानदारावर. जिभेवर मात्र घेतला नाही. जिभेवर कोण संशय घेईल?

देवळाली कॅम्पला एका लष्करी कुटुंबात लग्न होतं. भल्या सकाळी चुली पेटल्या. घाईगडबडीत झुंबरबाईंची कॅप्सूल घ्यायची राहिली होती, पण बाटली कनवटीला होती. डाळ शिजली, गूळ पडला, पुरण आळू लागलं, तेव्हा त्यांना औषध आठवलं. त्यांनी कॅप्सूल उघडली, चाटली, चूळ भरली आणि थोड्या वेळाने चाखायला बसल्या. गोळा घेतला, फुंकर मारली, डोळे मिटले.

"गूळ."

शेखरने गूळ टाकला. योगिनीने ढवळलं. झुंबरबाईंनी पुन्हा चाखलं.

"गूळ."

योगिनीचा हात थबकला. उलथनं सोडून ती मुकाट्याने मागच्या चुलीकडे गेली. तिकडे तिने काय केलं ते कुणी पाहिलं नाही. इकडे झुंबरबाईंनी तिसऱ्यांदा चाखलं आणि गुळाच्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. "रंग लावलेली माती इकतोय मेला! अजून टाक."

तेव्हा योगिनी हळूच म्हणाली, "आत्या, वासावरून तरी लय गोड झालंय. पातळ पण पडलंय."

"तू मला शिकवणार?"

योगिनी गप्प बसली. पण पुरण बोललं. पहिला गोळा भरून झुंबरबाईंनी हातावर घेतला, दोन झोके दिले आणि मांडा मधोमध फाटून गूळपाण्यासकट त्यांच्या मनगटावरून खाली आला. इतक्या लग्नांत असं कधी झालं नव्हतं. भोवतीची माणसं आवाज न करता एक पाऊल मागे सरली, आणि ते त्यांना जास्त लागलं.

झुंबरबाई उठल्या आणि मांडवामागे सामानाच्या खोलीत गेल्या. तिथे साखरेचं पोतं उघडं होतं. त्यांनी मूठभर साखर घेऊन तोंडात टाकली.

वाळू. गोदावरीच्या काठची, धुतलेली, बारीक वाळू. दाताखाली कचकच वाजत होती, विरघळत होती, पण गोडाचा मागमूस नव्हता. त्यांनी पुन्हा मूठ भरली. पुन्हा वाळू. डोळे जायची भीती त्यांना होती, पण त्याच्याआधी जीभ जाईल असं कुणी सांगितलं नव्हतं. पोत्याला टेकून त्या खाली बसल्या आणि जिभेवर बोट फिरवत राहिल्या, हरवलेली वस्तू घरातच शोधावी तसं.

बऱ्याच वेळाने योगिनी पाणी घेऊन आली. "आत्या, चला. डाळ शिजलीये."

"कसली डाळ?"

"तुम्ही दुसऱ्यांदा गूळ म्हणालात तवाच मी मागच्या चुलीवर डाळ चढवली होती. बिनगुळाची. ती त्यात घोटली की जमंल."

झुंबरबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग पदर खोचून उठल्या. योगिनीने डाळ घोटून घातली, पुरण घट्ट झालं, मांडे झाले, पंगती उठल्या. वराचे काका, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, चौथा मांडा मागून घेताना म्हणाले की आजचा काही औरच. घरी निघायच्या आधी झुंबरबाईंनी उगाच एक साखरेचा दाणा जिभेवर ठेवला. गोड! लख्ख, खणखणीत गोड. टेम्पोत बसेपर्यंत त्या देवाचं नाव घेत होत्या आणि मधूनमधून साखर खात होत्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टर आफियांना सगळं सांगितलं. चाटणासकट. डॉक्टरबाईंचे डोळे आधी विस्फारले, मग त्यांनी कपाळाला हात लावला आणि मग त्यांना हसू फुटलं. ते हसू बघून झुंबरबाईंना धीर आला.

"चला माझ्याबरोबर," डॉक्टरबाई म्हणाल्या.

दवाखान्यामागे औषधी झाडांची बाग होती. कुंपणाच्या तारेवर एक साधी वेल चढलेली, पानं लहान, किंचित लवदार. शेतबांधावर दिसली असती तर कुणी दुसऱ्यांदा वळून पाहिलं नसतं. "ही गुडमार. काहीजण बेडकीचा पाला म्हणतात. आमच्या अभ्यासातला पाला तो हाच." डॉक्टरबाईंनी दोन पानं धुतली, एक स्वतःच्या तोंडात टाकलं, एक झुंबरबाईंना दिलं. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहून शेळ्यांसारख्या चावत होत्या. मग डॉक्टरबाईंनी खिशातून साखरेची पुडी काढली.

दोघींनी चिमूट जिभेवर ठेवली. दोघींचे चेहरे एकदमच बदलले. डॉक्टरबाईंनी हे आधी अनेकदा केलं असणार, तरी त्या लहान मुलीसारख्या हसल्या. "दर वेळी वाटतं, या वेळी नाही होणार. आणि दर वेळी होतं."

"ही जादू हाय का डॉक्टरबाई?"

"साखर जिभेवर जिथे ओळखली जाते, त्या दारातच या पानातला एक पदार्थ बसून राहतो. साखर येते, पण दार अडवलेलं असतं. थोड्या वेळाने तो उठून जातो आणि दार मोकळं होतं. पोटात गेल्यावरही असं काही होतं का, त्याने रक्तातली साखर, चरबी खरंच उतरते का, तेच आम्ही शोधतोय. अजून पक्कं काही सांगता येत नाही."

झुंबरबाईंनी येताना डॉक्टरबाईंसाठी डब्यात मांडा आणला होता, कालचा. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी डबा उघडला आणि एक तुकडा मोडून स्वतःच तोंडात घातला. सवयीने डोळे मिटले.

आणि त्या गोड नसलेल्या मांड्यात त्यांना डाळ भेटली. शिजलेल्या हरभऱ्याच्या डाळीची खमंग, मातकट चव. मग जायफळ आलं. मग तूप. मग गुळातला बारीकसा खारटपणा, जो गुळात असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं. सगळ्यात शेवटी चुलीचा धूर. अगदी पुसट, लाकडाचा. ही सगळी मंडळी इतकी वर्षं त्यांच्याच चुलीवर, त्यांच्याच हातातून जात होती, आणि गोडाच्या गलक्यात त्यांना एकाचंही बोलणं ऐकू आलं नव्हतं. झुंबरबाईंच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"केवढं हाय हे," त्या म्हणाल्या. "एवढुशा पानानं केवढं दाखवलं."

मग डॉक्टरबाईंनी वाईट बातमी सांगितली. कॅप्सूल उघडून चाटल्यामुळे आता झुंबरबाईंच्या बाटलीत काय आहे हे दोघींनाही कळलं होतं, त्यामुळे त्यांना अभ्यासातून बाहेर पडावं लागणार होतं. बाटली परत द्यायची. आणि घरी हा पाला आणून स्वतःच्या मनाने खायचा नाही. गोळ्या चालू असताना साखर एकदम खाली घसरली तर भोवळ येऊन चुलीतच पडाल, असं त्यांनी बजावलं. "झाडपाला आहे म्हणून खेळणं नाही, मावशी. ताकद आहे त्याच्यात, बघितलीत ना?"

"बघितली." झुंबरबाईंनी कनवटीची बाटली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "मंग आता डोळ्यांचं?"

"नेहमीच्या गोळ्या, चालणं आणि पथ्य. पुरणाचा गोळा तोंडात जायला नको. ते दार आता तुम्हालाच बंद ठेवायचंय."

पिंपळगाव बसवंतला लग्न लागलं ते नंतरच्या आठवड्यात. द्राक्षांच्या पॅकहाऊसच्या मोकळ्या शेडमध्येच मांडव घातला होता. पाहुणे मोठे, चुली जास्त. झुंबरबाई पुरणाच्या पातेल्यासमोर बसल्या. गूळ विरघळला, पुरण आळत आलं, पातेल्यातून फदफद आवाज यायला लागला. शेखर, योगिनी, वाढपी, सगळे सवयीने गप्प झाले.

झुंबरबाईंनी गोळा घेतला. फुंकर मारली. हात ओठांपर्यंत आला.

या वेळी जिभेवर पान नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि गोड बोटभर अंतरावर वाफाळत होतं. तोंडाला इतकं पाणी सुटलं की त्यांना गिळावं लागलं. सासूबाईंचा कायदा, आपलं नाव, पंचवटीपासून पिंपळगावपर्यंतच्या लग्नघरांतला आपला मान, सगळं त्या लिंबाएवढ्या गोळ्यात होतं. एवढं एकदाच, असं मनात आलं. एकदाच खाल्ल्याने कुठे डोळे जातात?

हात तसाच थांबला. मग त्यांनी तो वळवला. "योगिनी, हिकडं ये. आ कर."

योगिनीला कळेचना. तिने एकदा शेखरकडे पाहिलं, एकदा सासूकडे. "मी, आत्या?"

"तूच. आ कर म्हणते ना."

झुंबरबाईंनी सुनेच्या तोंडात पुरण भरवलं. योगिनीने डोळे मिटले. आणि झुंबरबाईंचे उघडेच राहिले. जन्मभर त्यांनी पुरण मिटल्या डोळ्यांनी चाखलं होतं, त्यामुळे चव माणसाच्या चेहऱ्यावर कशी उमटते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. आधी योगिनीच्या भुवया उचलल्या गेल्या, मग गाल सैल झाले, मग कपाळावर एक बारीक आठी आली आणि तिथेच थांबली. ती आठी झुंबरबाईंना इतकी स्पष्ट दिसली की त्यांच्या अंगावर काटा आला.

"गूळ जरासा कमी हाय," योगिनी डोळे न उघडताच म्हणाली. मग भानावर येऊन घाबरली. "तुम्ही चाखून बघा ना आत्या. माझं चुकलं असंल तर?"

"मला नगं," झुंबरबाई म्हणाल्या आणि बोटांना लागलेलं पुरण तांब्यातल्या पाण्याने धुऊन टाकलं. "मी बघितलं तुझ्या तोंडावर. टाक गूळ."